टोपलीतली मासळी आणि मोठा परवाना

‘टोपलीत मासळी घेऊन बसणाऱ्या कोळणीलाही हॉटेलासारखाच अन्नपरवाना लागतो, नसेल तर माल जप्त’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो वाचून बायका एजंटाला पैसे मोजतात, म्हणून हे लिहायला हवं.

आधी मासे पकडणारा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याचं कलम 18 काढा. त्याच्या पोटकलम 3 मध्ये मच्छीमार आणि त्याचं मासेमारीचं काम या कायद्याच्या बाहेर ठेवलंय. नौकेला परवाना लागतो, पण तो मासेमारीच्या कायद्याखाली; महाराष्ट्रात तो कायदा 1981 चा आहे. गोंधळ बहुधा इथेच होतो, कारण दोन्हींना आपण ‘लायसन’च म्हणतो.

आता विकणारी. त्याच अन्न कायद्याच्या कलम 31 चं पोटकलम 2 वाचा: छोटे किरकोळ विक्रेते, फेरीवाले, तात्पुरते स्टॉलवाले यांना परवान्यातून सूट आहे, मात्र नोंदणी करावी लागते. ही सूट अर्धीच सांगितली जाते आणि ‘काहीच लागत नाही’ असा उलटा गैरसमजही पसरतो. नोंदणी लागतेच, आणि मासळी ताजी, स्वच्छ ठेवायची जबाबदारीही सुटत नाही.

बसायच्या जागेचा प्रश्न निराळा. रस्त्यावरच्या विक्रीचं प्रमाणपत्र 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार मिळतं. अन्ननोंदणीनं जागेचा हक्क येत नाही.

कुणी ‘परवाना काढून देतो’ म्हणालं, तर कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, एवढं लिहून मागा आणि घरातल्या शिकलेल्या पोरीकडून मूळ कायद्यात ताडून घ्या.