बीजप्रेरित हवाई छत्री
वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या बियांच्या रचनेवरून संथपणे खाली उतरणारी साधने घडवण्याच्या कल्पनेला बीजप्रेरित हवाई छत्री म्हणता येईल. मुंबईत उन्हाळ्यात पडीक जागेतल्या रुईची फळे तडकली की त्यांतील रेशमी झुबक्यांच्या बिया घराघरांत शिरतात. याच त्या ‘म्हाताऱ्या’, ज्यांच्यामागे मुले धावतात. सातविणीच्या बीला दोन्ही टोकांना केस असतात. बागांतल्या महोगनीची एकपंखी बी मात्र गरगरत उतरते. ती छत्री नव्हे, भिंगरी आहे.

‘छत्री’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. कापडी छत्री हवा अडवते, तर बीचा झुबका बहुतांशी पोकळच असतो. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रोपट्याच्या बीवर सुमारे शंभर तंतू असून त्यांच्या चकतीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मोकळा असतो. तंतू इतके बारीक, की प्रत्येकाभोवती हवेचा थर चिकटल्यासारखा राहतो आणि शेजारचे थर एकमेकांना भिडल्याने फटींतून थोडीच हवा निसटते. या निसटत्या हवेमुळे झुबक्याच्या वर, त्याला न चिकटता, भोवऱ्याचे एक स्थिर कडे तयार होते आणि बी डुलत नाही.

हाच आकार माणसाएवढा केला तर हवा तंतूंमधून सरळ निघून जाईल, कारण चिकटपणाचा हा परिणाम लहान मापातच प्रभावी असतो. त्यामुळे बीची नक्कल लहान उपकरणांना अधिक मानवते. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात डँडेलियनच्या धर्तीवर सुमारे तीस मिलिग्रॅम वजनाची, बॅटरीविना सौरऊर्जेवर चालणारी संवेदक साधने तयार करण्यात आली. ती मध्यम वाऱ्यात शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतात.

मोठ्या छत्रीसाठी आकार उचलण्याचा मोह जुना आहे. बियांचे उड्डाण न्याहाळणारे इंग्रज संशोधक जॉर्ज केली यांनी टोक खाली असलेला शंकू स्थिर राहतो असे मांडले होते. त्याच आकाराची छत्री घेऊन रॉबर्ट कॉकिंग २४ जुलै १८३७ रोजी लंडनजवळ बलूनमधून उतरले. जड आणि कमकुवत बांधणीची ती छत्री हवेतच मोडली व त्यांचा मृत्यू झाला. मोठ्या छत्र्यांतही फटी असतात, पण त्या वेगळ्या कामाच्या: गगनयानाच्या ड्रोग छत्रीत, म्हणजे मुख्य छत्रीआधी उघडून वेग कमी करणाऱ्या छोट्या छत्रीत, कापडी पट्ट्यांमधून हवा जाऊ दिल्याने तिचे हेलकावे आणि उघडतानाचा धक्का कमी होतो.