जुन्या पिकअपमध्ये दुसरं इंजिन: मापांचा इतिहास

जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की बोलणं लगेच हॉर्सपॉवरवर घसरतं. पण कुठलं इंजिन लोकांनी उचललं हे बहुतेक वेळा मापांनी ठरवलं, असं माझं ठाम मत आहे.

1932 साली फोर्डने सामान्यांच्या आवाक्यातलं व्ही-8, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन आणलं. ताकद 65 हॉर्सपॉवर. त्याआधीच्या मॉडेल ए मधलं चार सिलिंडरचं इंजिन 40 च द्यायचं, त्यामुळे जुन्या चासीत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात, नवं व्ही-8 जायला लागलं. या इंजिनाचा धूर ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या) आतूनच बाहेर पडायचा, म्हणून ते लवकर तापायचं. तरी लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरलं.

1947 च्या शेवरोले पिकअपची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. तिच्यात 216 घनइंचाचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन होतं. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पंपाच्या पूर्ण दाबाने तेल मिळत नसे. रॉडच्या तळाशी छोटी पळी असायची, ती तेल उचलायची. शेतातल्या कामाला एवढं पुरायचं. पण 1956 च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग झाले, तासन् तास वेगात जायची वेळ आली आणि ही बेअरिंग टिकेनात. पहिला उतारा घरातलाच होता: शेवरोलेचं पूर्ण दाबाने तेल देणारं 235 घनइंची इंजिन.

दुसरा उतारा 1955 सालचं शेवरोलेचं छोट्या ब्लॉकचं व्ही-8. लांबलचक सहा सिलिंडरसाठी केलेल्या बोनेटखाली हे आखूड इंजिन ठेवलं की पुढे जागा उरायची. पिकअपची चासी शिडीसारखी, बॉडी वेगळी, त्यामुळे इंजिन टेकवायचे नवे माउंट वेल्ड करणंही सोपं. अडचण मागे यायची. 1955 च्या मध्यापर्यंतच्या अर्ध्या टनी (सर्वात हलक्या वर्गातल्या) शेवरोलेत मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट बंद नळीत असायचा आणि ती नळी गिअरबॉक्सला जखडलेली. गिअरबॉक्स बदलला की नळी निरुपयोगी, म्हणजे मागचा ॲक्सलही बदला. इंजिन बदलायला बसलेला माणूस असा गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा!

शेवरोलेने एक गोष्ट मात्र फारशी हलवली नाही: गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथल्या बोल्टची मांडणी. 1997 मध्ये कॉर्व्हेट या शेवरोलेच्या स्पोर्ट्स कारमधून एलएस नावाच्या व्ही-8 मालिकेचं पहिलं इंजिन आलं, ते आतून जवळपास सगळं नवं होतं. तरी एखादा बोल्ट सोडला तर मागची भोकं 1955 च्या मापाशी जुळतात. 1999 पासून याच घराण्यातली लोखंडी ब्लॉकची 4.8, 5.3 आणि 6.0 लिटरची इंजिनं कंपनीच्या पिकअपमध्ये आली, आणि पुढे भंगारात निघालेल्या त्या गाड्यांमधून ती ढिगाने मिळू लागली. एलएसचा एवढा बोलबाला झाला तो यामुळे.

लोखंडाचं काम असं सोपं झालं आणि डोकेदुखी पेट्रोलच्या पाइपात आणि तारांत शिरली. जुन्या इंजिनांत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला पाच-सहा पीएसआय (दाबाचं एकक) दाबाचं पेट्रोल पुरतं, पेट्रोल फवारणाऱ्या एलएसला 58 लागतं. म्हणजे टाकीपासून पाइप आणि पंप नवा. क्रँकवरच्या चक्राला सुरुवातीच्या इंजिनांत 24 खाचा, नंतरच्यांत 58; या खाचांवरून कॉम्प्युटर ठिणगीची वेळ ठरवतो. कॉम्प्युटर एका पिढीचा आणि इंजिन दुसऱ्या पिढीचं असलं की स्टार्टर फिरत राहतो, ठिणगी पडत नाही. म्हणून इंजिन विकत घेतानाच या खाचा टिपणाऱ्या क्रँक सेन्सरचा रंग बघतात: काळा असेल तर 24, करडा असेल तर 58.

डिझेलवाल्यांचा पंथ वेगळा. 1989 मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये आलेलं कमिन्सचं 5.9 लिटर इंजिन त्यांचं लाडकं, पण वजन अर्ध्या टनाच्या आसपास. पुढच्या स्प्रिंगा बदलल्याशिवाय गाडी नाक खाली घालते.

इंजिन बदलण्यावर कायद्याने बंधन आणलं ते अमेरिकेतल्या 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर. कॅलिफोर्नियात बसवलेलं इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्यापुढचं लागतं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी उपकरणं जागेवर लागतात. 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे धूर तपासणी नाही, म्हणून त्या वर्षांच्या पिकअपना एवढी मागणी.

2021 मध्ये फोर्डने आपल्याच 1978 च्या एफ-100 पिकअपची बॉडी घेऊन तिच्याखाली दोन विजेच्या मोटारी बसवल्या, मिळून 480 हॉर्सपॉवर. त्यासाठी चासी मात्र नवीच बनवून घेतली.