हे लाकूड स्मोकरला चालेल का? फोटो पाठवायच्या आधी एवढं वाचा

आम्हाला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे एका ओंडक्याचा फोटो, बाहेरून करडा पडलेला, अर्धी साल निघालेली, आणि खाली प्रश्न की मीट स्मोक करायला, म्हणजे स्मोकरमध्ये लाकडाच्या धुरावर मांस शिजवायला, हे चालेल का. अशा फोटोवरून आम्ही कधीच "चालेल" म्हणत नाही. काही जणांना ते लागतं, त्यांना वाटतं आम्हाला फक्त आमचं लाकूड खपवायचंय. पण ऊन-पाऊस खाल्लेलं लाकूड वरून सगळं सारखंच दिसतं, ओक असो की पाइन, आणि धूर एकदा मांसात मुरला की तो धुऊन निघत नाही. त्यामुळे अंदाजाने हो म्हणणं आम्हाला पटत नाही.

ओळख पटते ती टोकाच्या आडव्या कापावर. सगळ्यांचा वेळ इथेच जातो, कारण लोक लांबट बाजूचा फोटो काढतात, नाहीतर करवतीने कापलेलं टोक तसंच दाखवतात. करवतीने तंतू फाटतात आणि सगळं केसाळ होऊन बसतं, त्यात काहीच कळत नाही. म्हणून टोकाची एक चकती कापा, धारदार ब्लेडने त्यातला नखाएवढा भाग गुळगुळीत तासा, पाण्याचं बोट फिरवा आणि दहापट भिंगातून बघा. पानझडी, रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात बारीक छिद्रं दिसतात. पाइन, देवदार, फर, स्प्रूस ह्या सूचिपर्णी (सुयांसारख्या पानांच्या) झाडांत तशी छिद्रं नसतात, नुसते फिकट-गडद पट्टे असतात, आणि पाइनमध्ये मधेमधे राळेच्या नळ्यांचे ठिपके.

ओक सगळ्यात सोपा, प्रत्येक वलयाच्या (झाडाच्या वर्षभराच्या वाढीच्या गोल पट्ट्याच्या) सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रुंद रेघा पण. सरळ रेषांचा छोटा तुकडा घेऊन एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंकलं तर रेड ओकमधून बुडबुडे येतात, व्हाइट ओकची छिद्रं बुजलेली असतात म्हणून येत नाहीत. स्मोकिंगला दोन्ही चालतात, पण करून बघायला मजा येते. मेपल, चेरी, सफरचंद ह्यांची छिद्रं मात्र फारच बारीक आणि वलयभर पसरलेली असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत, त्यामुळे भिंग न लावता "छिद्रं नाहीत म्हणजे पाइन" असं म्हणून चांगलं लाकूड फेकून देऊ नका. चेरीचा गाभा तांबूस तपकिरी असतो, सालीवर आडव्या रेघा असतात. नख रुतवून ठरवायचं नाही, कारण यू हे झाड सूचिपर्णी असून चांगलंच टणक असतं, आणि विषारीही. पानांवर पण जाऊ नका, सुरूचं झाड सुया असल्यासारखं दिसतं पण ते पाइनच्या गटातलं नाहीच.

सूचिपर्णी लाकूड का नको, तर राळ जळली की काजळी धरते आणि मांस कडू होतं. मग सीडर ह्या सूचिपर्णी झाडाच्या फळीवर मासा कसा भाजतात, असं विचारतात. तिथे भिजवलेली फळी मासा ठेवायला खाली असते, ती पेटवून धूर करायचा नसतो.

आणि झाड ओळखू आलं तरी रंगवलेलं, प्लायवूड, एमडीएफ, हिरवट झाक असलेलं ट्रीटेड (टिकावं म्हणून रसायन मुरवलेलं) लाकूड नकोच, जुन्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असू शकतं. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, एमबी शिक्का असेल तर तिला मिथाइल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची धुरी दिलेली. एचटी म्हणजे आतपर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं, पण ते फक्त किडीसाठी, त्यावर पुढे काय सांडलं हे शिक्का सांगत नाही. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा जवळ नको.

आता ओलावा. ताज्या तोडलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं, आपल्याला हवं १५ ते २० टक्के. ओलावा मोजायचा मीटर बाहेरून लावला तर आकडा कमी येतो, म्हणून ठोकळा फोडून आतल्या ताज्या बाजूला लावा, आम्ही पोती भरताना तसंच करतो आणि सुकवण्यातच आमचा सगळा वेळ जातो. त्यामुळे कृपा करून आमच्या ढलप्या भिजवू नका! पाणी आत फारसं शिरत नाही, आणि ते उडून जाईपर्यंत लाकूड तापत नाही, नुसती वाफ आणि दाट पांढरा धूर. विरळ निळसर धूर आला की समजायचं बरोबर चाललंय.

चवीचं म्हणाल तर मेस्किट सगळ्यात उग्र (वेडी बाभूळ त्याच्याच जवळची), ते थोड्या वेळच्या भाजणीला बरं. हिकरी जोरदार, ओक मध्यम आणि तासन्‌तास चालणाऱ्या मोठ्या तुकड्यांना उत्तम, सफरचंद आणि चेरी सौम्य, चिकनला छान, आल्डर माशाला. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन तापून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही रसायनं तयार होतात, धुराचा वास-चव बरीचशी त्यांचीच. पण खरं सांगायचं तर सफरचंद आणि चेरीतला फरक बारीक आहे, कोरडं आणि ओलं ह्यातला फरक कोणीही खाऊन सांगेल. मांसातली गुलाबी कड कुठल्या लाकडाने येते असंही विचारतात, ती जळताना होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडसारख्या वायूंमुळे येते, त्यासाठी महागातलं लाकूड घ्यायची गरज नाही.

आमच्या प्रत्येक पोत्यावर झाडाचं नाव एकच असतं, मिसळलेलं आम्ही विकत नाही, आणि ते झाड उभं असताना नाहीतर निदान ओंडका सालीसकट बघितल्याशिवाय घेत नाही. पहिल्यांदा घेत असाल तर ओकचे मुठीएवढे ठोकळे घ्या, ढलप्या काही मिनिटांत जळून जातात, त्या फक्त गॅस ग्रिलमध्ये धुरासाठी ठेवतात त्या डब्यासाठी मागवा. तुमच्याकडचं लाकूड तपासून हवं असेल तर तासलेल्या टोकाचा जवळून एक फोटो, सालीचा एक, आणि झाड कुठलं असावं असं तुम्हाला वाटतंय ते लिहून पाठवा. नुसत्या फोटोवरून नाहीच कळलं तर चकती घेऊन या, दुकानात भिंग ठेवलेलंच आहे.