ग्राफिक डिझाइन शिकायचं तर काम हातात घेऊन
नवीन बॅचचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी माहितीपत्रक

"कोरल किती दिवसांत येतं?" चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. कोरल म्हणजे कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर. लातुरात राहून क्लासची भाषा अंगवळणी पडली नाही तरच नवल: किती दिवस, किती टेस्ट, नोट्स मिळणार का. आमच्याकडे नोट्स नाहीत, टेस्टही नाही. मग फी कशाची घेता, या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे पत्रक. नाव नोंदवण्याआधी वाचा, घरीही दाखवा.

आमचा धंदा मुळात डिझाइन आणि छपाईचा. पत्रिका, फ्लेक्स, लेबल, हँडबिल, बिलबुक हे रोजचं. शिकवणी त्याच जागेत, त्याच टेबलांशेजारी चालते. कोरलड्रॉ, फोटोशॉप, इलस्ट्रेटरची बटणं महिना-दीड महिन्यात हाताला बसतात. त्यासाठी यूट्यूबही पुरतं, खोटं कशाला सांगा. ग्राहकाने वहीच्या पानावर खरडून आणलेलं मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, छापून त्याच्या हातात कसं जातं, ते मात्र काम केल्याशिवाय कळत नाही.

इथे फक्त द्विमितीय डिझाइन शिकवलं जातं, म्हणजे कागद, फ्लेक्स, लेबल, मोबाइलवरची पोस्ट. थ्रीडी, ॲनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग नाही. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना संकल्पचित्राचा पेपर आठवत असेल. ठरलेल्या आकारात घटक बसवायचे, जागा तोलायची, रंग जपून वापरायचे. त्या पेपरातलं सगळं इथे उपयोगी पडतं. फरक एवढाच की तिथे ग्राहक नसतो. इथे तो समोर बसलेला असतो, त्याला घाई असते आणि त्याचं मॅटर अर्धवट असतं.

पहिलं काम लग्नपत्रिकेचं

पत्रिकेपासून सुरुवात का, असं पालक विचारतात. कारण तिच्याइतकं अवघड मॅटर दुसरं नाही. वर श्री गणेशाय नमः, मग कुलदैवत, मग वधू-वर, दोन्हीकडचे आई-वडील, आजी-आजोबा, मुहूर्त, स्थळ, हळद, निमंत्रकांची फौज आणि खाली "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी चिल्लीपिल्ली. एकही नाव गाळता येत नाही, आणि मागेपुढे झालं तर भावकीत बोलणी बसतात. तरीही पत्रिका उघडणाऱ्याला कोणाचं, कोणाशी, कधी आणि कुठे ही चार उत्तरं लगेच मिळाली पाहिजेत. एवढं साधलं की दृश्य क्रम, म्हणजे नजर आधी कुठे आणि मग कुठे जावी, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

या कामात संगणक सुरुवातीला बंदच असतो. विद्यार्थी आधी मॅटर वाचतो, सलग वाचायच्या ओळी कोणत्या आणि नुसती नजर टाकायच्या कोणत्या याच्या खुणा करतो. मग पेन्सिलने काडेपेटीएवढ्या चौकटींत कच्ची मांडणी काढतो. एकच काढून भागत नाही, पान भरावं लागतं. पहिल्या दोन-तीन मांडण्या सगळ्यांच्या सारख्याच येतात, कारण त्या आधी पाहिलेल्या पत्रिकांमधून आलेल्या असतात. त्या संपल्या की स्वतःचं काहीतरी सुचायला लागतं. त्यातली एक निवडायची, आणि ती का निवडली हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगायचं. "छान दिसते" हे उत्तर चालत नाही.

मग अक्षरं. डिझाइनचे बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले असतात. ते देवनागरीला जसेच्या तसे लावले की गडबड होते. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की ते ऐटदार दिसतं. मराठीत तसं केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिरोरेषेवर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" बघायला आम्ही सांगतो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं प्रमाण धरली आहेत. अनेक फॉन्टमध्ये मात्र ही अक्षरं हिंदी वळणाची असतात. लग्नाच्या पत्रिकेत "शुभविवाह" तरी आपल्या वळणाचा असावा, असा आमचा हट्ट आहे.

श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीतलं मॅटर आणि युनिकोडमधलं, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं ओळखलं जाणारं मॅटर, यांतला फरकही इथेच कळतो. ज्या मशीनवर तो जुना फॉन्ट नाही, तिथे फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडचं मॅटर फोटोशॉपमध्ये योग्य सेटिंग न करता टाकलं तर जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. म्हणून छपाईला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाहीत असे त्यांचे नुसते आकार करायचे, आणि कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवायची. कारण मुहूर्ताची वेळ बदलल्याचा फोन शेवटच्या दिवशी येतोच.

फ्लेक्स

फ्लेक्सला नाकं मुरडणारे बरेच आहेत. आम्ही नाही, कारण आमचं निम्मं दुकान त्यावर चालतं आणि त्यातून शिकायलाही भरपूर मिळतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो वर, कोणाचा मोठा, "भावी" हा शब्द किती ठळक, यावर कार्यकर्ते तासभर वाद घालतात. आकार आणि जागेतून मान दाखवता येतो हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

इथे विद्यार्थ्याला आकडेमोड करावी लागते. ढोबळ हिशोब असा, की एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. रस्त्यापलीकडून, शंभर फुटांवरून वाचायचं तर अक्षर दहा इंची हवं, आणि ही उंची शिरोरेषेपासून खालीच मोजायची, मात्रा-उकार सोडून. दहा फूट उंच फ्लेक्सवर अशा जेमतेम सहा ओळी बसतात आणि निम्मी जागा फोटोंनी आधीच घेतलेली असते. म्हणजे मॅटर कापावं लागणार, आणि ते ग्राहकाला पटवावं लागणार.

फाइलचंही तसंच. हातात धरून बघायच्या पत्रकाला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, पण १० बाय २० फुटांच्या फ्लेक्सला ७२ चालतं, कारण तो लांबून बघतात. ७२ ला त्या फाइलमध्ये सुमारे १५ कोटी पिक्सेल होतात. हट्टाने ३०० ठेवलं तर २५९ कोटी, आणि मशीन मान टाकतं. उलट बाजूने, व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. ३०० डीपीआयला तो सव्वापाच इंचांपेक्षा मोठा छापू नये. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, हे ग्राहकाला गोडीत सांगणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

तूरडाळीचं पाकीट

तिसरं मोठं काम लेबलचं. लातूरला डाळमिल आहेत, त्यामुळे हे काम इथल्या मुलांना हमखास येणार. पुढच्या बाजूला ब्रँड, वजन, हिरव्या चौकोनातला भरीव हिरवा गोल. मागे अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, सर्व करांसहित किंमत, बॅच, पॅकिंगची तारीख, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये आकड्यांची किमान उंचीसुद्धा ठरलेली आहे. "जागा नाही म्हणून बारीक केलं" ही सबब चालत नाही. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नोंदणीकृत नाव, मिळालं. ग्राहकाने सांगितलं म्हणून ते नाव कुठल्याही डाळीवर टाकायचं नाही, तो नोंदणीकृत वापरकर्ता आहे का ते आधी विचारायचं.

छपाईचं गणितही यात येतं. मोठ्या ऑर्डरचं पाकीट ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या मशीनवर छापतात, तिथे दर रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि तो महाग असतो. पारदर्शक फिल्मवर रंगाखाली पांढरा थर दिला नाही तर रंग फिके पडतात आणि आतली डाळ रंगातून डोकावते. स्क्रीनवर झगमगणारा हिरवा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो, हे एकदा छापून हातात घेतलं की विसरत नाही.

यांच्याखेरीज व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, हँडबिल ही छोटी कामं मधे मधे होतात. ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), कटिंग मार्क (कुठे कापायचं त्या खुणा), बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर, अशा सवयी त्यातच लागतात. एक काम मात्र कोणाच्या ऑर्डरचं नसतं. पैठणीच्या पदरातला मोर किंवा अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यातल्या छताचा एखादा चौकोन घ्यायचा, आलेखवहीवर घर मोजून उतरवायचा, त्यातून एक नमुना बांधायचा आणि दोनच रंगांत तो कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंट करायचा. विद्यार्थ्यांना सगळ्यांत आवडतं ते हेच, आणि जास्त घामही यातच निघतो.

पालक विचारतात त्या गोष्टी

एआय आल्यावर याचा उपयोग काय? चित्र ते झटकन काढून देतं. मामाचं नाव काकाच्या वर गेलंय का, परवान्याचा आकडा बरोबर आहे का, फाइल प्लेटला चालेल का, ही जबाबदारी कोणाच्या तरी सहीवर राहतेच. आमच्याकडे प्रूफवर, म्हणजे छापण्याआधी तपासायच्या प्रतीवर, विद्यार्थी सही करतो, मग ग्राहक.

नोकरीची हमी देत नाही. ज्यांना पदवीच हवी त्यांनी उपयोजित कलेची (कमर्शियल आर्टची) चार वर्षांची बीएफए ही पदवी करावी. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, प्रवेश सीईटीने होतो. आमचं प्रमाणपत्र त्याच्या तोडीचं नाही. इथून जाताना हातात असते ती छापून झालेल्या कामांची फाइल.

घरी लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. असेल तर त्यावर चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. सरावाला इंकस्केप आणि गिंप फुकट मिळतात. दहावी-बारावीची अट नाही, पण मराठी शुद्ध वाचता यायला हवं आणि ग्राहकाशी बोलायची लाज नको.

बॅच चार महिन्यांची, सोमवार ते शनिवार, सायंकाळी ५ ते ७. एका वेळी आठच जण घेतो. कागद, प्लेट, स्क्रीन, शाई यांचा खर्च फीमध्येच धरलेला आहे. फी दोन हप्त्यांत भरता येते; पहिल्या आठवड्यात जमणार नाही असं वाटलं तर भरलेली रक्कम परत मिळते, पावती तेवढी जपून ठेवा. पहिल्या दिवशी पेन्सिल, फूटपट्टी आणि आलेखवही घेऊन या.