अंगावर उठतं ते पित्त नव्हे

मागच्या महिन्यात शेजारच्या काकींच्या नातवाला रविवारचं जेवण झाल्यावर अर्ध्या तासात पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या. पांढरा रस्सा दोन वाट्या जास्त प्याला होता, त्यामुळं सगळ्यांचं लगेच ठरलं की पित्त उठलंय. काकींनी आमसुलं भिजत घातली, ते पाणी अंगाला चोळलं, दोन-अडीच तासांत गांधी बसल्या आणि आमसुलाची पत आणखी वाढली.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताच्या नळ्या बघते, त्यामुळं हा ‘पित्त’ शब्द मला फार खटकतो. पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात जाऊन तेला-तुपाचं पचन करायला मदत करतं. ते कातडीखाली येऊन फुगत नाही. गांध उठते तेव्हा तिच्याभोवती बॉलपेननं गोल काढून बघा. साधारणपणे काही तासांत, फार तर दिवसभरात ती गांध गोलातून गेलेली असते आणि नवीन दुसरीकडंच उठलेली असते. म्हणजे आमसूल लावा नाहीतर नुसतं गार पाणी लावा, ती जाणारच असते, गार पाण्यानं खाज कमी वाटते एवढं खरं.

मग हे करतं कोण? मास्ट सेल. १८७८ साली पॉल एर्लिखनं या पेशीला नाव दिलं, आत दाणेच दाणे भरलेले दिसले म्हणून त्याला वाटलं ही खाऊन-पिऊन पुष्ट झालेली पेशी आहे, आणि जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे जनावराला पुष्ट करायचं खाणं. या पेशी कातडीत, नाकात, श्वासनळीत, आतड्यात, जिथं जिथं बाहेरचं जग शरीराला भिडतं तिथं रक्तवाहिन्यांना लागून बसलेल्या असतात आणि त्या दाण्यांत हिस्टामिन नावाचं रसायन आधीच बनवून ठेवलेलं असतं. म्हणून तर सगळं मिनिटांत होतं, नवीन काही बनवायला वेळच लागत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेले मासे खाल्ले की गांधी उठायच्या. त्याच्या रक्तातलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, त्याचा सहकारी डॉक्टर प्राउस्निट्झनं स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झला माशाची अ‍ॅलर्जी नव्हती, तरी नेमकी तेवढ्याच जागी गांध उठली! म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडं नेता येत होती. ती नेणारी चीज कोणती हे कळायला पुढं पंचेचाळीस वर्षं गेली, १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका पती-पत्नींनी अमेरिकेत आणि योहान्सन-बेनिश यांनी स्वीडनमध्ये ती शोधली. तीच आयजीई अँटिबॉडी, म्हणजे बाहेरचा पदार्थ ओळखून धरणारं रक्तातलं प्रथिन.

अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. आयजीईचा दांडा मास्ट सेलवरच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या खाचेत, घट्ट रुतून बसतो आणि दोन हात बाहेर राहतात. रक्तात मोकळी आयजीई दोनेक दिवसांत निम्मी होते, पण पेशीवर बसली की आठवडेच्या आठवडे टिकते. पहिल्यांदा शेंगदाणा, कोळंबी किंवा माशीचं विष आत येतं तेव्हा वरून काहीच दिसत नाही, फक्त त्याच्याविरुद्धची आयजीई तयार होऊन पेशींवर बसते. पुढच्या वेळी तोच पदार्थ येतो आणि शेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो. एकीला धरून भागत नाही, दोन रिसेप्टर एकत्र ओढले गेले पाहिजेत, तेव्हाच आतल्या एन्झाइमांची साखळी सुरू होते, कॅल्शियम वाढतं, दाणे पेशीच्या कडेला येऊन तिच्या पडद्यात मिसळतात आणि हिस्टामिन बाहेर सांडतं. ते बारीक शिरांच्या अस्तरातल्या पेशींना आक्रसायला लावतं, त्यांच्यामध्ये फटी पडतात, रक्तातलं पाणी पाझरतं, कातडी फुगते. आजूबाजूच्या वाहिन्या रुंदावतात म्हणून कड लाल, आणि नसांची टोकं चेतवली जातात म्हणून खाज. गांध म्हणजे एवढंच, कातडीत पाझरलेलं पाणी.

सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मास्ट सेलला थांबवत नाहीत, हिस्टामिन जिथं जाऊन बसतं ती जागा अडवतात. हा फरक पुढं लागणार आहे.

दरवेळी अ‍ॅलर्जीच असते असंही नाही. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या गांधींमागं बऱ्याचदा व्हायरल ताप-सर्दी असते, आणि काकींच्या नातवाचं नाक त्या आठवड्यात गळतच होतं, तेव्हा रस्सा बहुतेक निर्दोष. काहींना गारठ्यानं उठतात, अशांनी थंडीत पंचगंगेत उडी मारणं धोक्याचं आहे. आणि घाटावर येईपर्यंत नीट बर्फात न ठेवलेला बांगडा खाल्ला तर त्यात जीवाणूंनी आधीच हिस्टामिन बनवलेलं असतं, शिजवून ते जात नाही, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. ती माशाची अ‍ॅलर्जी नव्हे, तो खराब मासा. सहा आठवड्यांच्या वर रोज गांधी उठत असतील तर बहुतेकांत खाण्याचा संबंध सापडतच नाही. पण लोक दोनशे पदार्थांचं ‘फूड इन्टॉलरन्स’ पॅकेज करून येतात आणि दूध, गहू, वांगं सगळं बंद करून बसतात. त्यात मोजलेली आयजीजी ही वेगळी अँटिबॉडी, ती फक्त सांगते की तुम्ही तो पदार्थ खाता. आयजीई पॉझिटिव्ह आली तरी खाऊन त्रास होत नसेल तर अ‍ॅलर्जी म्हणायची नाही.

पण शब्दाचा खरा घोटाळा मी कागलकडं मामाच्या गुऱ्हाळावर बघितला. कढईत रस उकळत होता, गांधीलमाश्या घोंगावत होत्या आणि मामाच्या मुलाला मानेवर एक चावली. आदल्या सिझनला दोनदा चावली होती, नुसती सूज आली होती. यावेळी दहा मिनिटांत अंगभर गांधी, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. घरात परत तेच, पित्त उठलंय, आमसूल आणा, आणि एकानं माशी चावलेल्या जागी लोखंडी किल्ली घासली. जवळच्या दवाखान्यात एव्हिल (सेट्रिझिनसारखंच अ‍ॅलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) यांची इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं. बाहेर येऊन गाडीवर बसायला गेला तर उलटी झाली आणि डोळे फिरवून खाली.

हे अ‍ॅनाफायलॅक्सिस. तेच पाझरणं, पण सगळ्या अंगात एकदम. रक्तदाब कोसळतो, श्वासनळ्या आवळतात. एव्हिल फक्त हिस्टामिनला अडवतं, मास्ट सेलमधून निघालेली बाकीची रसायनं मोकळीच राहतात, आणि डेक्साला काम करायला तास लागतात. इथं पहिलं औषध अ‍ॅड्रिनलीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, कारण ते वाहिन्या आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि मास्ट सेललाही थोपवतं. गांधींबरोबर दम लागला, आवाज बसला, चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्या तर माणसाला उभं करू नका, आडवं करून पाय वर घ्या, धाप लागत असेल तर टेकून बसवा, आणि हॉस्पिटल गाठा.

त्याला आम्ही मागच्या सीटवर आडवा टाकून मोठ्या हॉस्पिटलात आणलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी मांडीत अ‍ॅड्रिनलीन दिलं, मग नाव विचारलं. दहाएक मिनिटांत त्यानं पाणी मागितलं. काही तासांनी पुन्हा लाट येऊ शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. मॅडम बॅटरी धरून त्याच्या हाताची लाली बघत होत्या आणि ती जाईना, तेव्हा कापूस ओला करून पुसला, तर कापूस जांभळा झाला. आमसुलाचा रंग होता तो. खालची कातडी केव्हाच नितळ झाली होती.