टीव्ही घ्यायला येताना घरचं माप घेऊन या

नमस्कार मंडळी. दुकानात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मोठ्यात मोठा केवढ्याला बसेल?" आणि मग बॉक्सवरची नावं वाचून डोकं फिरतं, म्हणून हा कागद छापलाय, घरी निवांत वाचा.

आधी इंच. ५५ इंची म्हणजे स्क्रीन तिरकी मोजलेली, रुंदी नव्हे. मागच्या दिवाळीत एक काका नेटवर रुंदी बघून आले, ४८ इंच, आणि घरी शोकेसचा कप्पा बरोब्बर चार फुटी, म्हणजे जमलंच की! पण ती रुंदी नुसत्या स्क्रीनची हो, कडेची फ्रेम धरली की १२३ सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि चार फूट म्हणजे जेमतेम १२२, त्या एका सेंटिमीटरसाठी काका आणि आमचा पोरगा अर्धा तास घामाघूम, शेवटी सुतार बोलवला.

आता फोर-के. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास ठिपके, फुल एचडीच्या चौपट. ऐकायला भारी वाटतं, पण तुमच्या केबलवर साधे चॅनल असतील तर त्यात जेमतेम ५७६ ओळी येतात, त्या ५५ इंचावर ताणल्या की मालिकेतल्या सासूबाई धुरकट दिसणारच, त्यात टीव्हीचा दोष नाही. दुकानात चालू असतो तो पोपट आणि समुद्राचा डेमो, त्यावर कुठलाही टीव्ही झकास दिसतो (आम्हीच लावतो, काय लपवायचं). आम्हाला सांगा, तुमचा रोजचा चॅनल लावून दाखवतो. आणि पिक्चर मोड व्हिव्हिडवर (म्हणजे भडक रंगांवर) असेल तर तो काढायला लावा, तो दुकानातल्या लायटिंगसाठी असतो, घरी रात्री डोळ्यांवर येतो.

क्यूएलईडी आणि ओएलईडी हे एकच समजून बरेच जण फसतात. क्यूएलईडी हा एलसीडीच, मागे एलईडीचे लाईट आणि मध्ये रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत मागे लाईटच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून काळा म्हणजे खरा काळा. किंमतही तशीच. पण दिवसभर न्यूज चॅनलच चालू राहणार असेल तर ओएलईडी नको, खालच्या पट्टीचा डाग पडायची भीती असते.

एचडीआर, डॉल्बी व्हिजन (दोन्ही उजेड-अंधारातला फरक जास्त खुलवून दाखवणारी तंत्रं) लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, निट्स, म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप, किती ते विचारा. अडीचशे-तीनशे निट्सच्या पॅनलवर एचडीआर नावापुरताच. हर्ट्झचंही तसंच, "मोशन रेट २४०" असलं काही दिसलं तर पॅनलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, विचारा, बऱ्याचदा ६०च निघतो, आणि मालिका, बातम्यांना तो पुरतो. गेम खेळणारं पोर असेल तर मात्र १२० बघा, सोबत एचडीएमआय २.१ (गेमचा बॉक्स जोडायच्या पोर्टची नवी आवृत्ती).

रॅम २ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, एक जीबीवाले वर्षभरात रडवतात, हा आमचा अनुभव. साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) लावायचा असेल तर एआरसी लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट आहे का बघा, त्यातून टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जातो.

हो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, बिलात तेवढाच लागला पाहिजे.

येताना कप्प्याचं किंवा भिंतीचं माप, सोफ्यापासूनचं अंतर आणि भिंतीवरच्या प्लगचा एक फोटो आणा. सोमवारी दुकान बंद असतं.