छाती धडधडते ती कॉर्टिसॉलमुळे नव्हे

"गाडीसमोर कुत्रं आडवं आलं, असलं कॉर्टिसॉल वाढलं ना माझं!" परवा लिफ्टमध्ये ऐकलेलं वाक्य. रील्सच्या कृपेने हल्ली कुणी घाबरत नाही, सगळ्यांचं कॉर्टिसॉल वाढतं. अहो, करकचून ब्रेक दाबला तेव्हा छाती धडधडली, हात थरथरले, ते काम ॲड्रेनलिनचं. दोन्ही ताणात सुटणारी हार्मोन्स, म्हणजे रक्तातून निरोप नेणारी रसायनं. कॉर्टिसॉल तेव्हा कुठे घरातून निघत होतं.

ॲड्रेनलिन सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार शाई घालवत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींच्या गाभ्यातून ते सुटतं, काही सेकंदांत हृदय गाठतं आणि दोन-तीन मिनिटांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. कॉर्टिसॉल येतं त्याच ग्रंथींच्या सालीतून. गाभा की साल, हा परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. पाठ करा, पुढे चला.

खरा घोळ इथून पुढे. ॲड्रेनलिन पेशीच्या आत पाऊल टाकत नाही. बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटून नुसती कडी वाजवतं, धावपळ आतली मंडळी करतात. कॉर्टिसॉल स्टेरॉइड, म्हणजे स्निग्ध जातीचं. पेशीचं आवरणही स्निग्ध, त्यामुळे ते सरळ आत शिरतं. आतला रिसेप्टर त्याला धरतो, जोडी केंद्रकात जाते आणि डीएनएवरच्या ठरावीक जागी ठाण मांडते. मग काही जनुकांचं वाचन वाढतं, काहींचं मंदावतं. त्यातून प्रथिनं बनून परिणाम दिसायला तास, कधी कित्येक तास. तोवर तुमचा चहा झालेला असतो आणि कुत्र्याची गोष्ट तीन जणांना सांगून झालेली असते. (कॉर्टिसॉलचे काही झटपट परिणामही आहेत, पण मुख्य धंदा हाच.)

या जनुकांतलं माझं लाडकं म्हणजे एफकेबीपी५. कॉर्टिसॉलच्याच हुकमाने त्याचं प्रथिन बनतं आणि ते त्याच रिसेप्टरची कॉर्टिसॉलवरची पकड सैल करतं. मालकाने नेमलेल्या माणसाने मालकाचाच हात धरावा, तसं.

म्हणूनच 'ताणाने डीएनए बदलतो' हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. पोथीतली अक्षरं तीच राहतात हो. कोणतं पान किती वेळा वाचायचं, ते बदलतं.

आणि ही वाचनाची भानगड मेंदूतही चालते. 1968 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडांवरच्या या ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं. कॉर्टिकोस्टेरॉन म्हणजे उंदरांचं कॉर्टिसॉल. ते साठलेलं सापडलं हिपोकॅम्पसमध्ये, आठवणींच्या कारखान्यात. रक्तातल्या ॲड्रेनलिनला मेंदूच्या वेशीतून आत शिरणं अवघड. याला मात्र आत हक्काची जागा होती.

मुक्काम लांबला की काय होतं? बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या गटाने उंदरांना रोज 2 तास, असे 10 दिवस जखडून ठेवलं. 2002 साली त्यांनी दाखवलं की हिपोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीशी जोडलेल्या अमिग्डलात त्या उलट वाढल्या. 'ताणाने मेंदू आक्रसतो' म्हणणाऱ्यांना यातलं अर्धंच माहीत असतं. अर्थात जखडलेल्या उंदराच्या ताणात कॉर्टिकोस्टेरॉन एकटं नसतं, तेव्हा सगळं खापर त्याच्या माथी फोडू नका.

राहिलं 'कॉर्टिसॉल डिटॉक्स', म्हणजे कॉर्टिसॉल जणू विष, ते शरीरातून धुऊन काढायचं. या शब्दावर बंदी आणायचा अधिकार मला कुणी देत नाही, नाहीतर केव्हाच आणली असती. ॲडिसन्स आजारात शरीर पुरेसं कॉर्टिसॉल बनवत नाही. त्या रुग्णांना तेच औषधाच्या गोळीतून रोज घ्यावं लागतं, नाहीतर जिवावर बेततं. निरोगी माणसात ते पहाटेपासून चढतं, जाग येण्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि रात्रीपर्यंत उतरतं.

गेल्या महिन्यात एका मित्राने घाबरून रिपोर्ट पाठवला: कॉर्टिसॉल 18, बायकोचं 7. "मी संपलो का रे?" मी वेळ बघितली. त्याचा नमुना सकाळी आठचा, वहिनींचा दुपारी चारचा. "दोन्ही ठीक आहेत, झोप," म्हटलं. डिटॉक्स पावडरचा डबा त्याने तोवर अर्धा संपवला होता.